तेलाच्या डब्याचं भोक

नव्या बाई शाळेत येऊन जेमतेम दोन महिने झाले होते आणि माझ्या पोटात दुखायला लागलं होतं. जत तालुक्यातल्या त्या शाळेत विज्ञान इतकी वर्षं मी शिकवत होतो. बाईंनी एके दिवशी काचेच्या बाटलीत जळता कागद टाकला आणि तोंडावर सोललेलं उकडलेलं अंडं ठेवलं. अंडं आपोआप आत गेलं. पोरं ओरडली, “बाई, परत!” मला आजवर कुणी ‘सर, परत’ म्हटलं नव्हतं.

अंड्याचं काय एवढं कौतुक! मी घरून पंधरा किलो तेलाचा रिकामा डबा आणला. सगळी शाळा पटांगणात बसवली, बाईंना मुद्दाम पुढं. खिचडीच्या चुलीवर डब्यात तांब्याभर पाणी उकळलं. डबा उतरवून आट्यांचं झाकण घट्ट लावलं. आतली वाफ गार झाली की बाहेरची हवा डबा चेपते, हे सांगून झालं होतं. मग घागरभर गार पाणी डब्यावर ओतलं. खाली घमेलं होतंच. टँकरचं पाणी आमच्याकडं प्रयोगालाही सांडू देत नाहीत.

डबा ढिम्म.

“पत्रा जाड आहे,” मी म्हणालो. नाचता येईना अंगण वाकडं!

पुढची एक मुलगी उठून डब्याजवळ आली. “आवं सर, ह्याला भोक हाय की! तेल नीट धारंनं पडाय आमची आय बी आसंच पाडती.”

झाकणासमोरच्या कोपऱ्यात खिळ्याचं भोक होतं. बायकोच्या सांगण्यावरून मीच पाडलेलं.

पोरं हसली. बाई मात्र हसल्या नाहीत, त्याचाच मला जास्त राग आला. “एका तोंडातून तेल बाहेर, दुसऱ्यातून हवा आत. म्हणजे तुमच्या घरी रोज हा प्रयोग होतो,” त्या मुलांना म्हणाल्या. पुन्हा पाणी उकळून झाकण लावल्यावर त्यांनी स्वयंपाकीणबाईंकडून कणकेचा गोळा घेऊन भोकावर दाबून बसवला आणि मला म्हणाल्या, “सर, ओता आता.”

मी ओतलं. धाडकन आवाज झाला आणि डबा चुरगळला.

“बाई, परत!”

डबा माझा, पाणी मी ओतलेलं. तरी मीही टाळ्या वाजवल्या, सगळ्यांत जोरात, म्हणजे माझं पोट दुखतंय हे कुणाला कळणार नाही.

तो डबा अजून शाळेच्या कपाटावर आहे. नवी मुलं विचारतात तेव्हा जुनी सांगतात, “बाईंचा डबा हाय त्यो.” मी ऐकून घेतो. त्यातलं भोक तेवढं माझं.