पुरणपोळीच्या मशीनचं पेटंट

सुनेचं ऑफिस घरात असलं की सासूला टीव्ही लागत नाही. बंगळूरला येलहंक्याच्या आमच्या घरात खालच्या खोलीत मेधाचं ऑफिस आहे. मेधा माझी सून, पुण्याची. ती पेटंट एजंट आहे. म्हणजे कुणी नवीन मशीन काढलं की त्याचा अर्ज लिहायचा, सरकारी तपासनीस त्यात जी खोट काढतात तिला उत्तर द्यायचं, आणि "हे मशीन याचंच, दुसऱ्याने करायचं नाही" असा कागद मिळवायचा. तिच्याकडे बहुतेक हॉटेलच्या स्वयंपाकघरातली मशीनं येतात. कांदा चिरायचं, कणीक मळायचं, नारळ खवायचं. मी चहा घेऊन खाली जाते आणि काहीतरी भलतंच ऐकून वर येते. हे इतकं साठलं की डोक्यात जागा उरली नाही. म्हणून आता मी सांगते आहे आणि मेधाच उतरवून घेते आहे. मी शाळेत गेले नाही, पण ऐकलेलं विसरत नाही. तिला ते ठाऊक आहे, म्हणून ती मध्ये फारसं बोलत नाही.

सगळ्या मशीनांचं सांगायला बसले तर दिवाळी उजाडेल. एकाच मशीनचं सांगते.

*

बसवराज आमच्या निपाणीकडचा. पीण्यात, म्हणजे इथल्या कारखान्यांच्या वस्तीत, त्याची पत्र्याची शेड आहे. सात वर्षं खपून त्याने होळीगेचं मशीन केलं. होळीगे म्हणजे आपली पुरणपोळीच. इथे तिची दुकानं गल्लोगल्ली आहेत आणि दुकानात बायका दिवसभर थापत बसलेल्या असतात. मशीनने थापायला गेलं की पुरण फुटून बाहेर येतं. ते कुणालाच जमत नव्हतं, बसवराजला जमलं.

पण त्याच्या शेजारच्या शेडमध्ये नागराज आहे. तोही हॉटेलची मशीनं करतो. बसवराजने काही नवीन केलं की दोन महिन्यांत तेच नागराजकडे दिसतं, वर रंग जास्त चकचकीत. त्यामुळे सरळ हिशेब होता: पेटंट मिळालं तर मशीन बसवराजचं. नाही मिळालं तर नागराज दुसऱ्या दिवसापासून तेच करणार, आणि त्याची शेड बसवराजच्या तिप्पट.

गणपती झाले आणि बसवराज मशीन टेंपोत घालून मेधाला दाखवायला घेऊन आला. मी दारात जाऊन बघते तर मशीनला डोक्यापासून पायापर्यंत बायकोची रेशमी साडी गुंडाळलेली.

"अरे, मशीन आणलंस की नवरी?"

"अक्का, अर्ज होईपर्यंत कुणाच्या नजरेस पडायला नको. मॅडमनी फोनवर बजावलंय."

"आणि लोकांनी विचारलं नाही रस्त्यात?"

"विचारत कुणी नाही. हेब्बाळच्या सिग्नलला एका स्कूटरवाल्याने हात जोडले."

"मग तू काय केलंस?"

"मी पण जोडले. काय करणार!"

*

मेधा अर्ज लिहायला बसली तेव्हा मी शेंगा सोलत तिथेच बसले होते. ती लिहिलेलं मला मराठीत सांगत होती आणि मी हबकत होते. त्या अख्ख्या अर्जात पुरण नाही, पोळी नाही. पुरणाला म्हणे "मऊ अंतर्भाग". कणकेच्या पारीला "ताणले जाणारे बाह्य आवरण". थापण्याला "टप्प्याटप्प्याने दिलेला दाब". मी म्हटलं, बाई गं, हे खायचं की अंगाला लावायचं?

मग तिने बसवराजची खरी युक्ती सांगितली. त्याच्या मशीनमध्ये वरचा हात एकदा दाबतो, मग खालची तबकडी जराशी फिरते, मग परत दाबतो. दरवेळी दाब नव्या जागी पडतो, म्हणून पुरण एका बाजूला जमत नाही आणि फुटत नाही.

"अगं, यात नवीन काय?" मी म्हटलं. "मी दहा वर्षांची असल्यापासून असंच थापते. दाबायचं, फिरवायचं, दाबायचं. सगळ्या बायका असंच थापतात."

मेधाचे हात की-बोर्डवर थांबले. उठून तिने आधी खिडकी लावून घेतली.

"आई," ती हळू आवाजात म्हणाली, "हाताने करणं वेगळं आणि मशीनने करणं वेगळं. पण हे तुम्ही परत म्हणू नका. कुणासमोरच नाही."

त्या दिवसापासून घरी पाहुणे आले की मी पोळीचा विषय काढत नसे. माझ्याच हाताची युक्ती, आणि मी तिच्याबद्दल चोरासारखी गप्प.

*

दिवाळीनंतर अर्ज गेला. मग वाट बघणं. बसवराज दर महिन्याला यायचा, "काही आलं का मॅडम?" विचारायचा, चहा प्यायचा आणि जायचा. दुसरं वर्ष लागलं तेव्हा तपासनिसांचा अहवाल आला.

त्यात लिहिलं होतं की असं मशीन आधीच आहे. एक नाही, दोन. पहिलं परदेशातलं पिझ्झाचा गोळा दाबायचं. ते ठीक आहे, पिझ्झा निदान खायची वस्तू आहे. दुसऱ्याचं चित्र मेधाने दाखवलं आणि माझ्या हातातला चहा सांडला. ते कौलं पाडायचं मशीन होतं. घराची कौलं. तिथेही म्हणे दाब देतात आणि तबकडी फिरते.

बसवराज ते चित्र हातात घेऊन कितीतरी वेळ बसला. शेवटी म्हणाला, "अक्का, माझी होळीगे नेऊन छपरावर ठेवली की यांनी."

"ठेवू द्या," मेधा म्हणाली. "कौलात पुरण नसतं. तेच लिहिते."

आणि खरंच, माझ्या सुनेने सरकारला पाच पानं लिहून कळवलं की कौलात पुरण नसतं.

*

तेवढ्याने भागलं नाही. पुरण बाहेर येत नाही याचा पुरावा द्यायचा होता. म्हणून एका रविवारी आमच्या अंगणात बसवराजने मशीन चालवून शंभर होळीगे केल्या. प्रत्येकीला नंबर. प्रत्येक भाजायची, गार करायची, सुरीने मधोमध कापायची आणि पुरणाची जाडी मोजायची. मोजायला काय, तर लोखंडाचे स्क्रू मोजतात ते कॅलिपर. पुरणपोळीला कॅलिपर लावलेला मी या डोळ्यांनी पाहिला.

शंभर पोळ्या अंगणात पसरलेल्या, वेलदोड्याचा वास गल्लीच्या टोकापर्यंत गेलेला, आणि एकीवरही तुपाचा थेंब नाही. बसवराज आकडे सांगतोय, मेधा लिहितेय. हे दृश्य माझ्याने पाहवेना.

संध्याकाळी मेधा यादी ताडून बघत होती. "अडतीस आहे, चाळीस आहे. एकोणचाळीस कुठे आहे?"

बसवराज टेबलाखाली वाकून शोधायला लागला.

"आई?"

"वाटीभर दुधाबरोबर," मी म्हटलं. "चांगली झाली होती, तसं लिही."

मेधा खोटं लिहीत नाही. सरकारी कागदावर आजही तसंच आहे: "नमुना क्रमांक एकोणचाळीस मोजणीपूर्वी खाल्ला गेला."

*

सगळं जुळत आलं होतं. आणि एका सकाळी नागराजचा विरोध येऊन पडला. पेटंट मिळण्याआधी कुणालाही हरकत घेता येते, हे मला तेव्हा कळलं.

त्याने एक फोटो जोडला होता. अर्ज जाण्याच्या आधीच्या दसऱ्यातली आयुधपूजा, म्हणजे आपली खंडेनवमी, बसवराजच्या शेडमध्ये. दारं सताड उघडी, केळीचे खांब, कोहळा फोडलेला, आणि मधोमध ते मशीन. साडी काढलेली, हळदकुंकू लावलेलं, झेंडूच्या माळा घातलेलं. मागे पीण्यातली निम्मी माणसं हातात प्रसादाची पानं घेऊन उभी.

मेधाचा चेहरा पांढराफटक पडला. अर्जाआधी मशीन लोकांसमोर चाललं असेल तर ते नवीन राहत नाही आणि पेटंट बाद होतं.

"बसवराज, मी तुम्हाला काय सांगितलं होतं? कुणाला दाखवायचं नाही."

"मॅडम, पूजेला कसं झाकू?" तो रडवेला झाला. "सात वर्षांचं काम. सगळ्या मशीनांना कुंकू लावलं आणि त्यालाच नाही लावायचं? पण बंद होतं मॅडम, देवाशपथ. झेंडूतून आतलं काही दिसत नव्हतं."

"बंद होतं हे फोटोत कसं दिसणार?"

कारण फोटोबरोबर नागराजचं प्रतिज्ञापत्र होतं. मेधाने वाचून दाखवलं. "त्या दिवशी सदर मशीन सर्वांसमोर चालू होते. त्यावर केलेली होळीगे मी स्वतः खाल्ली. सर्व होळीगे एकाच आकाराच्या, एकाच जाडीच्या, काठापर्यंत पुरण असलेल्या होत्या. इतक्या एकसारख्या होळीगे माणसाच्या हाताने होणे शक्य नाही."

मी जिन्याच्या पायरीवर बसले.

"मेधा," मी म्हटलं, "तो प्रसाद मी केला होता. सव्वाशे. आदल्या दिवशी, आपल्या स्वयंपाकघरात. बसवराज डबे घेऊन गेला. तू दिल्लीला होतीस."

एवढ्या आयुष्यात माझ्या पोळीचं इतकं कौतुक कुणी केलं नव्हतं. केलं ते नागराजने, शपथेवर, आणि तेही बसवराजला बुडवायला.

*

मग माझं प्रतिज्ञापत्र. मेधा म्हणाली, "आई, तुम्ही माझ्या सासूबाई. ते म्हणणार, घरचीच साक्ष. पण देऊ या."

नोटरी कन्नड माणूस, मान वर न करता लिहिणारा. मी अंगठा दिला. मग त्याने वाचलं आणि मान वर केली.

"अज्जी, सव्वाशे होळीगे, सगळ्या एकसारख्या? हाताने? या वयात?"

मला हे होणार ठाऊक होतं. मी पिशवीतून डबा काढून त्याच्या टेबलावर ठेवला. त्याने झाकण उघडलं, एकीवर एक ठेवून काठ बघितले, उचलून उजेडात धरल्या.

"सरी, बरोबर आहे," म्हणाला. "पण अज्जी, कागदाला होळीगे जोडता येत नाही."

डबा मात्र परत दिला नाही.

*

सुनावणी व्हिडिओवर झाली. पडद्यावर चार चौकोन. एकात मद्रासच्या ऑफिसातल्या अधिकारी बाई. एकात नागराज, मुद्दाम नवा शर्ट घालून. एकात त्याचा वकील. एकात मेधा आणि तिच्या खांद्यामागे बसवराज, घामाने भिजलेला. मी पडद्यात दिसणार नाही अशी, बसवराजच्या हाताशी, भिंतीला लागून बसले. बाई होसूरकडच्या होत्या, कन्नड बोलत होत्या, त्यामुळे मला सगळं कळत होतं.

नागराजच्या वकिलाने फोटो मोठा करून दाखवला. मेधाने माझं प्रतिज्ञापत्र दाखवलं. वकील हसला. "मॅडम, या बाई एजंटच्या सासूबाई आहेत. आणि या वयात सव्वाशे?" बसवराज म्हणाला, "मशीन बंद होतं." वकील म्हणाला, "तुम्ही तसंच म्हणणार. माझा अशील तिथे हजर होता."

बाईंनी कागद मागेपुढे केले. माझं प्रतिज्ञापत्र बाजूला ठेवलं. बसवराजने माझा हात असा दाबला की बांगडी पिचली.

"मी साक्षीदारालाच विचारते," बाई म्हणाल्या. "नागराज, तुम्ही किती वाजता तिथे गेलात?"

"अकराला, मॅडम. आमच्या शेडची पूजा आटोपून गेलो."

"तुमच्याकडेही पूजा असते?"

"दरवर्षी, मॅडम. पीण्यात सगळ्यात मोठी आमची. बारा मशीनं आहेत माझी, आजोबांपासून परंपरा आहे. एकही वर्ष चुकलं नाही."

"छान. मग त्या दिवशी पूजा झाल्यावर तुम्ही तुमची मशीनं किती वाजता सुरू केलीत?"

नागराज खुर्चीतून अर्धा उठला. इतका दुखावलेला चेहरा मी कुणाचा पाहिला नाही.

"अय्यो, मॅडम," तो म्हणाला, "आयुधपूजेच्या दिवशी मशीनला हात कोण लावतं?"