फुटक्या कवेलांचा ढीग

बातमी आली तेव्हा मी शाळेच्या कपाटातली पुस्तकं उन्हात मांडत होतो. कारखान्यातला एक कामगार फाटकापाशी सायकल टेकवून म्हणाला, "गुरुजी, मिस्त्री गेले. झोपेतच." मी पुस्तकं तशीच टाकून निघालो. वाटेत रडू यायला हवं होतं, पण कानात येत राहिलं ते सदाशिवरावांचं हसणं... आज महिना होऊन गेला, तरी त्यांची आठवण आली की आधी हसूच येतं. त्यांनाही तेच आवडलं असतं.

बालाघाटहून किरनापूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर छपराची कवेलं तयार करणारा एक कारखाना आहे. सदाशिवराव तिथले मुख्य मिस्त्री आणि माझे शेजारी. मी पुस्तकातला माणूस, ते मातीतले. तरी रोज संध्याकाळी त्यांच्या ओट्यावर आमची बैठक व्हायची. साच्यातून निघालेलं ओलं कवेलू बाया डोक्यावरून शेडमध्ये नेतात, तिथं ते वाळतं, मग भट्टीत भाजतात, हे सगळं मला त्या ओट्यावरच कळलं. एका संध्याकाळी त्यांनी कारखान्याची अडचण सांगितली. माती भरपूर येत होती, पण विकायला कवेलं कमीच निघत होती. मधला माल कुठं जातो ते कोणाला सांगता येत नव्हतं. कारखान्याचे मालक शेठजी, त्यांनी बजावलं होतं, "मिस्त्री, दिवाली तक देखूँगा। फिर ताला।" चाळीस घरांची चूल त्या भट्टीवर होती.

थोड्या दिवसांनी भट्टीत टाकायच्या धानाच्या कोंड्याचा ढीग उपसताना खाली फुटक्या कवेलांचा थर सापडला. हातून फुटलेलं प्रत्येक कवेलू मजुरीतून कापलं जायचं, म्हणून बायामाणसं तुकडे गुपचूप तिथं पुरत होती. सदाशिवरावांनी कोणाला बोल लावला नाही. ओट्यावर येऊन त्यांनी मलाच विचारलं, "गुरुजी, तुमच्या शाळेतलं पोट्टं पाटी फोडते, अन् घरी काहून सांगत नाही?"

"मार बसतो म्हणून," मी म्हणालो.

त्यांनी माझ्या पाठीत अशी थाप घातली की माझा चष्मा खाली आला. "हौ ना! मार बंद केला पाह्यजे!"

दुसऱ्या दिवशी ते शेठजींपुढे उभे राहिले आणि फुटीची कपात बंद करा म्हणाले. शेठजी खुर्चीतून उठलेच. "पगला गए हो क्या? फिर तो बारात के पटाखों जैसे फूटेंगे!"

"तो मेरी पगार से काट लेना। दिवाली तक।"

हे मिस्त्रींच्या बायकोला, म्हणजे वहिनींना, कळलं तेव्हा त्या म्हणाल्या, "घरात खायाले माती आनजा मंग!" बोलल्या खऱ्या, पण अडवलं नाही.

सदाशिवरावांनी सांगितलं की फुटलेलं लपवायचं नाही, फाटकाशी आणून ठेवायचं. आठवड्यात तो ढीग माणसाच्या खांद्याएवढा झाला. शेठजी येता-जाता त्याच्याकडे आणि मग मिस्त्रींकडे बघत. मला भीती वाटायची, पण सदाशिवराव खुशीत होते. तुकडा घेऊन येणाऱ्या प्रत्येकाला ते एकच विचारत, "कुठं फुटलं?" कोणी फोडलं, हे कधीच नाही. निम्म्याहून जास्त उत्तरं एकाच जागेची आली. शेडच्या दारात उंच पायरी होती आणि वर आडवी लाकडी बल्ली. डोक्यावर ओझं घेऊन पायरी चढायची, त्याच वेळी वाकायचं. कवेलं वाहणारी सगुणाबाई कमरेवर हात ठेवून म्हणाली, "तीन वर्सापासून कपाळ आपटून राह्यलं माह्यं. कोनी इचारलं काय मले?"

"चुकलं बाई," सदाशिवराव म्हणाले आणि स्वतः लोखंडी सब्बल घेऊन पायरी फोडायला लागले. तिथं मातीचा उतार केला, बल्ली हातभर वर चढवली. भट्टीतून निघालेल्या तुकड्यांची भुकटी करून ती नव्या मातीत मिसळू लागले, तर कवेलू आणखी घट्ट निघालं. दिवाळीपर्यंत फाटकाशी रोज टोपलीभर तुकडेही जमेनात. ताला लागला नाही, मिस्त्रींच्या पगाराला शेठजींनी हातही लावला नाही. शेठजींनी कढई मांडून सगळ्यांना जिलेबी खाऊ घातली. सगुणाबाईनं पहिली जिलेबी मिस्त्रींपुढे धरून सगळ्यांदेखत दटावलं, "हे तोडजा नोका, अख्खी खाजा!" सगळा कारखाना हसला, शेठजीसुद्धा.

परवा वहिनींकडे गेलो होतो. त्यांनी चहा आणला, दाराजवळच्या स्टुलावर ठेवला. उठताना स्टुलाला माझा पाय लागला आणि कप फरशीवर पडून फुटला. त्या घरातला तो जोडीचा कप होता. मी ओशाळून खाली वाकलो, तुकडे घाईघाईनं रुमालात गोळा करू लागलो...

"ठेवा ते, भाऊजी," वहिनी म्हणाल्या. त्यांनी कपाकडे पाहिलंच नाही. स्टुलाकडे पाहिलं, दाराकडे पाहिलं, मग स्टूल उचलून खिडकीखाली नेऊन ठेवलं.

"तिथं सगळ्याइचाच पाय लागते," त्या म्हणाल्या, आणि दुसरा कप आणायला आत गेल्या.