मागं वळून पाहायला लावणारे आवाज

जुनी टेप कुणी नुसती देत नाही. कॅसेट हातात ठेवतानाच माणूस म्हणतो, "हे लावशील तेव्हा एक लक्षात ठेव," आणि एक गोष्ट सांगून मोकळा होतो. टेप परत करता येते, गोष्ट परत करता येत नाही. त्यामुळं आमच्याकडं आता टेपांपेक्षा गोष्टीच जास्त झाल्या आहेत.

आम्ही म्हणजे चौघं. मी मनीषा, सावंगीला एका दवाखान्यात लोकांचे कान तपासते आणि सुट्टीच्या दिवशी लॅपटॉपवर इलेक्ट्रॉनिक संगीत करते. रितेश वडनेरचा, ऑर्केस्ट्रात ऑक्टोपॅड वाजवतो. सुगंधा मडावी ही शाळेत शिक्षिका आहे, तिला जुने आवाज गोळा करायचा नाद. आणि ज्यांच्या घरी आम्ही जमतो ते नाचणगावचे वानखेडे काका. त्यांचं आयुष्य रेडिओ आणि टेप दुरुस्त करण्यात गेलं. रविवारी दुपारी जेवणं आटोपली की त्यांच्या पुढच्या खोलीत बसायचं, जुनं काहीतरी लावायचं आणि मुकाट ऐकायचं, एवढाच आमचा कार्यक्रम.

नवा माणूस आला की काका त्याला आधी काय ऐकायचं ते सांगतात. यादी जरा वेगळी आहे. पहिल्यांदा दोन स्टेशनांच्या मधला रेडिओ, अर्धा तास. मग इको मशीन लावून भरलेली कुठल्यातरी लग्नातल्या ऑर्केस्ट्राची कॅसेट. आणि मग परदेशात कॉम्प्युटर यायच्या आधी, टेप कात्रीनं कापून आणि चिकटवून केलेलं संगीत.

"जो आवाज आयकून मांगं पाहा लागते, तो आपल्या कामाचा," असं काका म्हणतात.

त्यानंतर ते एकच प्रश्न विचारतात. लहानपणी कोणत्या आवाजाला भ्यायला होतास?

*

हा प्रश्न विचारायचा काकांना हक्क आहे.

ते पाचवीत असताना शेजारच्या गुरुजींकडं मोठा व्हॉल्व्हचा रेडिओ होता. एका संध्याकाळी गुरुजी अंगणात पाहुण्यांशी बोलत बसलेले पाहून काकांनी हळूच काटा फिरवला. एक आवाज लागला. बाईनं रडावं तसा वर चढत गेला, मग खोल हौदात दगड पडावा तसा बुडाला, मग पुन्हा चढायला लागला. त्यात बोलणं नव्हतं. ओळखीचं वाद्यही नव्हतं.

"मानूस असता तर कुठंतरी दम घेतला असता ना," काका सांगतात. "त्यानं दमच नाई घेतला."

घरी येईपर्यंत अंगात ताप. वडिलांनी विचारलं तर म्हणाले, "रेडिओत कोनी नोहतं, तरी कोनीतरी होतं." वडिलांनी दुसऱ्या दिवशी भगताकडं नेलं. लिंबाचा पाला अंगावरून उतरवला, धूप दिला, दंडाला काळा दोरा बांधला. शाळेत पोरं त्यांना 'रेडिओतलं भूत' म्हणायला लागली, ते मॅट्रिकपर्यंत. तो आवाज कुठून आला हे शोधायला म्हणून ते रेडिओ उघडायला शिकले. हजारो उघडले, सापडला नाही.

दोन वर्षांपूर्वी मी परदेशातली एक जुनी रचना लॅपटॉपवर लावली. नुसत्या यंत्रांचे सूर टेपवर घेऊन, टेप उलटी-सुलटी फिरवून केलेली. काका कोपऱ्यात बसून एका टेपरेकॉर्डरची वायर जोडत होते. त्यांनी हातातली इस्त्री, म्हणजे वायरीला डाग द्यायची, सोल्डरिंगची, खाली ठेवली.

"थांब. हेच होतं."

मी म्हटलं, "काका, इतक्या वर्षांनी कसं आठवेल? असंच काहीतरी दुसरं असेल."

त्यांनी बोट वर केलं. "आता हौदात दगड पडन."

पडला.

काकूंनी चहा आणून ठेवला, तो तसाच निवला. मग काका म्हणाले, "बापाले सांगाचं राह्यलं."

*

माझं उत्तर छोटं आहे.

मी सहावीत, देवळीला. अर्चना नावाची माझी मैत्रीण वडिलांच्या बदलीमुळं गाव सोडून गेली आणि तिकडून तिनं वाढदिवसाला एक भेटकार्ड पाठवलं. उघडलं की आत बारीक सुरात गाणं वाजायचं. मी ते वर्षभर उघडून उघडून ऐकलं आणि मग कपड्यांच्या पेटीत तळाशी ठेवून विसरले.

पुढच्या उन्हाळ्यात एका दुपारी त्या पेटीतून आवाज यायला लागला. तोंड मिटून एखादा जाडजूड माणूस कण्हतो तसा. आईनं शेजारच्या दोघींना बोलावलं. तिघींनी हातात लाटणं, उलथनं जे मिळालं ते घेऊन पेटी उघडली. कपड्यांच्या घडीखाली कार्ड जरासं उघडलं होतं. सेल संपत आलेला, म्हणून गाणं चौपट हळू झालेलं.

शेजारीण म्हणाली, "फेकून दे." आईनं ते पाण्याच्या बादलीत बुडवलं. बादलीतूनही ते आणखी हळू, आणखी खाली उतरत वाजत राहिलं. आम्ही चौघी भोवती उभ्या. शेवटचा सूर संपायला किती वेळ लागला, सांगता येणार नाही.

आई म्हणाली, "अर्चनाले पत्र टाक. पोरगी बरी हाय का इचार."

मी टाकलं. पंधरा दिवसांनी ते परत आलं. वर पोस्टमननं लिहिलं होतं, या पत्त्यावर कोणी राहत नाही.

माझं सगळं संगीत त्या बादलीतल्या वेगाचं आहे, असं रितेश म्हणतो. मी नाही म्हणत नाही.

*

रितेशचा किस्सा आम्ही त्याच्याकडून एकदाच ऐकला. पुन्हा सांग म्हणायची कुणाची हिंमत झाली नाही.

त्याच्या ऑर्केस्ट्रात बंडूभाऊ नावाचे गायक होते. आवाज चांगला, पण त्यांचं हसू त्याहून प्रसिद्ध. ते हसले की माइकची गरज पडत नसे. रितेशच्या ऑक्टोपॅडला आठ रबरी चौकोन, प्रत्येकात वेगळा आवाज भरता येतो. आठव्यात त्यानं गमतीच्या गाण्यासाठी बंडूभाऊंचं हसू भरून ठेवलं होतं. काडी मारली की बंडूभाऊ हसायचे, आणि स्टेजवरचे खरे बंडूभाऊ त्या हसण्यावर हसायचे. पब्लिक तेवढ्यासाठी यायचं.

बंडूभाऊ अचानक गेले. वय झालं नव्हतं. तेरवीच्या दुसऱ्या दिवशी दुपारी समाजमंदिरात श्रद्धांजलीचा कार्यक्रम ठेवला. ऑर्केस्ट्रानं त्यांची दोन गाणी वाजवायची, बस्स. बंडूभाऊंची बायको, सगळ्यांच्या वहिनी, पुढं सतरंजीवर बसलेल्या, मांडीवर लहान मुलगी.

दुसऱ्या गाण्याच्या मध्यावर, रितेशचे दोन्ही हात पहिल्या-दुसऱ्या चौकोनावर असताना, दोन्ही मोठ्या स्पीकरांतून बंडूभाऊ हसले. पूर्ण, अगदी शेवटच्या खोकल्यापर्यंत.

गाणं थांबलं. लोक माना खाली घालून बसले. ज्यानं ढोलकी वाजवायची तो उठून बाहेर निघून गेला.

वहिनी रडल्या नाहीत. रितेशकडं पाहून हळू म्हणाल्या, "रितेशभाऊ, अजून एक वेळ."

रितेशनं आठव्या चौकोनावर काडी मारली. काही नाही. पुन्हा मारली. लहान मुलगी स्पीकरकडं बघत होती. तिसऱ्यांदा त्यानं काडी उचलली आणि तशीच खाली ठेवली.

काका कारागीर माणूस, त्यांनी कारण शोधलं. "बाजूच्या दनक्यानं पॅड आपोआप वाजते कधी कधी. त्याच्यात नवल नाई."

मी विचारलं, "मग नंतर का नाही वाजलं? वायर निघाली होती का?"

"नाई ताई," रितेश म्हणाला. "थो आवाज मी आदल्या दिवशीच पुसला होता. चुकून वाजू नये म्हनून."

*

सुगंधाच्या आजीची गोष्ट मात्र काकांना उलगडली, त्यामुळं ती सांगताना जरा बरं वाटतं.

आजी घरात गोंडीच बोलते. तिच्या गाण्याची एक कॅसेट होती, आजीच्या भावानं फार पूर्वी भरलेली. कॅसेटभर खरखर, पाऊस पडत असल्यासारखी. सुगंधानं ती कॉम्प्युटरवर घेतली आणि दोन आठवडे बसून खरखर काढली. शाळेतून आली की तेच. शेवटी आजीचा तरुणपणचा आवाज असा निघाला की समोर बसून गातेय.

तिनं मोठ्या हौसेनं आजीच्या कानाला हेडफोन लावला. आजीनं डोळे मिटून ऐकलं. मग हेडफोन काढून तिनं गोंडीत विचारलं, "माझी बहीण कुठं गेली?"

सुगंधाला वाटलं, वयामुळं काहीतरी बोलतेय. आजीची बहीण तर लग्नाआधीच तापानं वारलेली. तिचा फोटो नाही, तिची एखादी वस्तूही घरात नाही. पण आजी हट्टाला पेटली. "ती मागून गात होती. तू तिला काढून टाकलं."

कॉम्प्युटर जी खरखर काढतो ती वेगळी साठवता येते. सुगंधानं ती एकटी लावून पाहिली. पाच मिनिटं नुसता पाऊस. मग त्या पावसात फार लांबून, तेच गाणं, अर्धी ओळ मागं राहिलेला एक बारीक आवाज.

ती रविवारी आमच्याकडं ते घेऊन आली. काकांनी तीनदा ऐकलं.

"कॅसेट आधी वापरलेली असन," ते म्हणाले. "पयले बहिनीनं गायलं, मंग त्याच्यावरच आजीचं भरलं. मशीन जुनी असली तर पयलं पुरं पुसल्या जात नाई. आजीले इचार, बहिनीचं कधी भरलं होतं का?"

विचारलं. भरलं होतं. भावानं नवा टेपरेकॉर्डर आणला त्या आठवड्यात, आणि ती त्याच पावसाळ्यात गेली. घरात एकच कॅसेट होती. नंतर तीच वापरली, कुणाच्या लक्षातही आलं नाही.

आता आजी स्वतःचं गाणं लावत नाही. "मी दोन आठवडे मरमर करून जो कचरा काढला," सुगंधा म्हणते, "तो आजी रोज सकाळी आयकते."

*

हा शेवटचा किस्सा माझ्याच कामावरचा.

कान तपासायची आमची खोली लहान, बंद असते. आत पेशंट, काचेबाहेर मी. त्याच्या कानाला हेडफोन आणि हातात बटण. मी बारीक बारीक सूर सोडते. ऐकू आला की त्यानं बटण दाबायचं, माझ्यासमोर दिवा लागतो.

एका सकाळी पुलगावकडचे एक म्हातारे गृहस्थ आले. खरं नाव सांगत नाही, भाऊराव म्हणू. उभी हयात कापड गिरणीत माग चालवण्यात गेली. मागाच्या खडखडाटानं कान गेले, तसे त्या भागात खूप जणांचे गेले आहेत. तपासणी नेहमीसारखी चालली. त्यांना मोठे सूरही जेमतेम ऐकू येत होते. शेवटी मी मशीन थांबवली आणि कागदावर लिहायला लागले.

दिवा लागत होता. लागत होता, विझत होता, लागत होता. एकसारखा.

मी आत जाऊन त्यांच्या कानाशी मोठ्यानं बोलले, "बाबा, मी आता काही वाजवत नाहीये. तुम्हाला काय ऐकू येतं?"

"मशीन."

"कोणती मशीन?"

"माही. गिरनी बंद पडली, मशीन भंगारात गेली. आवाज माह्यासंगं घरी आला." हे त्यांनी गुडघे दुखतात म्हणावं तितक्या साधेपणानं सांगितलं. "सूर आयकू आला का बटन दाबा म्हने. मले तं हेच आयकू येते."

कानात असे आवाज बऱ्याच लोकांना येतात. त्याला नाव आहे, त्यावर थोडेफार उपायही आहेत. डॉक्टरांना मी सगळं लिहून दिलं. पण त्यांच्या अंगठ्याची ती टकटक मला सोडवेना. विचारलं, "बाबा, हे मी रेकॉर्ड करू का?"

"ने बाप्पा," ते म्हणाले. "माह्या कानातून तं जाईन तो आवाज."

मी बटणाजवळ फोन ठेवला. दहा मिनिटं त्यांनी डोळे मिटून बटण दाबलं. नुसती टकटक, दुसरं काही नाही.

त्या रविवारी मी ती काकांकडं लावली. काय आहे ते कुणाला सांगितलं नाही, फक्त म्हटलं, "ऐका." रितेश बोटांनी मांडीवर ताल मोजायला लागला. मोजता मोजता त्याचं काहीतरी चुकलं आणि तो थांबला.

काकांचे थोरले भाऊ त्यांच्याच घरी राहतात, आम्ही त्यांना दादाजी म्हणतो. तेही भाऊरावांच्याच गिरणीत मागावर होते. आमच्या संगीताशी त्यांचा कधी संबंध येत नाही. ते अंगणात सूप घेऊन शेंगा फोडत बसले होते. चारेक मिनिटं झाली असतील. दादाजी उठले, उंबऱ्यातून आत आले आणि चिडल्यासारखे म्हणाले, "अरे बंद कर ना मशीन. धागा तुटला."

काकांनी वर पाहिलं. "दादा, काय तुटलं?"

"डाव्या अंगचा. आयकू नाई येऊन राह्यला का?"

त्यांचा उजवा हात पुढं गेला होता, कमरेच्या उंचीला, हवेत काहीतरी धरायला.

स्पीकरमधून आणखी दोन टकटक झाल्या आणि आवाज थांबला. त्या रेकॉर्डिंगमध्ये तिथं खंड आहे, मला माहीत होतं. भाऊरावांचा अंगठा दुखला असेल असं मी समजले होते. खोलीतल्या दुसऱ्या कुणाला ते माहीत नव्हतं.

दादाजींनी हात मागं घेतला आणि वाट पाहत उभे राहिले. आम्हीही हललो नाही. मागच्या अंगणात काकू भांडी घासत होत्या, तेवढाच आवाज.

मग टकटक पुन्हा सुरू झाली, त्याच चालीनं.

"हं," दादाजी म्हणाले, "बांधला." आणि ते परत शेंगा फोडायला गेले.