चावी कोण देतं?

कल्याण स्टेशनजवळच्या बोळात एक घड्याळवाले काका बसतात. त्यांचं नाव मी कधी विचारलं नाही. बाबांचं जुनं चावीचं घड्याळ रोज दुपारीच बंद पडायचं, म्हणून मी ते त्यांच्याकडे दिलं होतं.

चार दिवसांनी गेले, तर भिंग कपाळावर सारून ते म्हणाले, "अगं, हे ठणठणीत आहे. माझ्याकडे कुठे बंद पडलं? घरी चावी कोण देतं?"

"बाबाच. दुसऱ्या कुणाला हात लावू देत नाहीत."

"मग डॉक्टरांना त्यांची बोटं दाखव. चावी पुरती फिरत नसणार."

घरी कसं सांगावं कळेना. शेवटी सांगितलं. बाबा उजवी मूठ वळत राहिले; ती पूर्ण मिटेना.

सकाळी मी कॉलेजला निघाले, तेव्हा त्यांनी घड्याळ माझ्यापुढे धरलं.