काळ्या खिडकीने पुसलेली आय
दोन हजार बावीस साल, मी एकाहत्तर वर्षांचा. थळला पडवीत लेक कॉम्प्युटर घेऊन बसलेली. बायको वारल्यावर लेकीने फोनमधले तिचे आवाज कॉम्प्युटरवर "आय" नावाच्या फोल्डरात ठेवले होते. मी हट्टाने त्याची दुसरी प्रत करायला लावली आणि तिला नाव दिलं "पोरांची आय", कारण बायकोचं नाव मी कधी घेतलं न्हाय, तिला असंच म्हणायचो. त्या दिवशी कॉम्प्युटर भरला, तर लेक माझीच प्रत पुसायला निघाली. "तुझी पूस की!" मी म्हटलं. "बाबा, दोन्हीत एकच तर हाय," म्हणत तिने कॉम्प्युटरला हुकूम लिहून द्यायची काळी खिडकी उघडली, तीत पुसायचा हुकूम लिहिला, आणि तिचा चेहरा उतरला. मी दिलेल्या नावात मधे मोकळी जागा, म्हणून यंत्राने ती दोन नावं धरली. "पोरांची" सापडत न्हाय म्हणालं आणि "आय" पुसून मोकळं झालं. "बाबा, आयचा आवाज गेला! ही खिडकी विचारत न्हाय, कचऱ्यातपण ठेवत न्हाय." मी म्हटलं, "रडतेस काय? माझी हाय का बघ आधी!" तिने बघितलं, तर माझी प्रत जागेवर. लावल्याबरोबर बायको गिऱ्हाइकावर खेकसली, "पापलेटाचं डोळं बघ, मग भाव कर!" ते नाव मी अजून बदलू दिलेलं न्हाय. दुसऱ्या दिवशी सकाळी तो आवाज फोनात घेऊन मी बंदरावर गेलो आणि बायको जिथे बसायची तिथे, मासळी विकणाऱ्या बायांत बसून मोठ्याने लावला.