वाळूतल्या नावांची हाक

डोळा लागतोय, तरी एक कान फोनकडे आहे. दुपारचे सव्वातीन. गोजराअक्कांच्या ओव्यांचं जुनं रेकॉर्डिंग लावलंय. अक्कांना जाऊन तीन वर्षं झाली, पण आमच्या नदीकाठच्या रेडिओवर दुपार अजून त्यांचीच असते.

मघाशी धरणावरच्या चौकीदाराचा फोन आला, "ताई, दार सुटलंय, तासाभरात पाणी..." आणि लाइन तुटली. परत लागत नाही. दोन ठिकाणी खात्री केल्याशिवाय बातमी वाचायची नाही, हा आमचा नियम. गेल्या उन्हाळ्यात मी तो मोडला. नदीच्या वाळूत कलिंगडं लावून झोपड्यांत राहणारे भोई माझ्या शब्दावर पळाले. पाणी आलंच नाही. मोकाट गुरांनी मात्र वेल फस्त केले. आता ते आम्हाला लबाड रेडिओ म्हणतात. आजही त्यांची बिऱ्हाडं वाळूतच आहेत, आणि मी दुसऱ्या फोनची वाट बघतेय.

"शैले, झोपलीस व्हय गं?"

अक्का समोर बसल्यात. पाखडायचं सूप घ्यावं तसा माइक मांडीवर घेतलाय.

"अक्का, तुमच्या ओव्या चालल्यात."

"चालू दे. तिला गाऊ दे, मी बोलते."

भिंतीला आवाज अडवायला चिकटवलेले अंड्यांचे पुठ्ठे हिरवे होतायत, फुगतायत. कलिंगडं. टेबलाचे पाय वाळूत रुततायत.

"दुसरा फोन येईस्तोवर थांबते," मी म्हणते.

"थांब की. पाणीबी थांबंल तुझ्या नियमासाठी."

"नियम तुम्हीच केलात!"

"केला. दूध संघाच्या रिकाम्या खोलीत पयला माइक लावला तवाच केला. बाजारभावासाठी, मयताच्या बातमीसाठी. कुणाचा जिता म्हातारा मारू नये म्हणून. माणसं जगवायला न्हाई अडवलं कुणाला."

"पुन्हा खोटं ठरलं तर कुणी ऐकायचं नाही."

"आत्ता कोण ऐकतंय? तू म्हणतीस, नदीपात्रातील नागरिकांनी सतर्क राहावे. वाळूत नागरिक ऱ्हातो व्हय? केरबा ऱ्हातो. हौसा ऱ्हाती. नाव घे, माणूस उठतो."

पायाखालची वाळू गार पडतेय. अक्का हलक्या आवाजात म्हणतात,

नदीबाईच्या वाळूत, वेल कलिंगडाचा लोळं
हाक काठाची ऐकता, ऊठ आधी, मग उघड डोळं

"म्हण माझ्यामागं. केरबा."

"केरबा."

"हौसा. धुरपदा."

"धुरपदा कोण?"

"इचारत बसू नगं! हाक मार!"

पाणी घोट्याला लागतंय. "केरबा! हौसा! धुरपदा, ऊठ, पाणी आलं!"

जाग येते ती फोनच्या घंटेनं. चार वाजायला दहा मिनिटं आहेत. रेकॉर्डिंग कधीच संपलंय. माझं बोट माइकच्या बटणावर आहे, आणि प्रक्षेपणाचा लाल दिवा जळतोय.

"रेडिओ का?" तरणी बाई, धापा टाकत. "आमी समदे काठावर आलोय. मामंजी निघंनात. म्हणं, लबाड रेडिओ. पर त्यास्नी हाक आली, अत्याबाईस्नी हाक आली, मंग माझं नाव आलं. तवा उठले."

"पाणी?"

ती फोन नदीकडे धरते. फोनातून खोल घरघर येते, दळणाची दहा जाती एकदम फिरावीत तशी.

"झोपड्या गेल्या, ताई."

"तुमचं नाव काय?"

"धुरपदा. काल सांजच्याला तर लगीन होऊन आले. तुमास्नी कुणी सांगितलं?"

खालच्या अंगाला अजून तीन गावांची वाळू आहे. मी माइक जवळ ओढते आणि मला ठाऊक असलेलं पहिलं नाव घेते.