गोळ्यांवरचा आळ

माझी मोठी मुलगी आठ महिन्यांची असताना मला पुन्हा दिवस गेले. ती अंगावर पीत होती, पाळीही सुरू झाली नव्हती, त्यामुळे असं काही होईल हे माझ्या ध्यानीमनी नव्हतं. तिच्या वेळी सिझर झालं होतं. टाके भरले होते, पण बादलीभर पाणी उचललं तरी डोळ्यांपुढे अंधारी यायची. नवरा गडचांदूरला सिमेंट कारखान्यात कामाला होता. पंधरा दिवसांनी एकदा घरी यायचा. मी त्याला फोनवर सांगितलं, "इतक्यात दुसरं मले नाई झेपणार."

तो म्हणाला, "अंग तुयं हाय. तू म्हणशीन तसं करू. पण मायले सांग, एकटी नोको जाऊ."

सासूबाईंना सांगायची मला धास्ती होती. त्या अंगणात तांदूळ पाखडत बसल्या होत्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, सूप खाली ठेवलं आणि म्हणाल्या, "उद्याच जाऊ. पोरीले मी धरतो, तू फक्त चाल."

ब्रह्मपुरीच्या जीपमध्ये त्यांनी मला खिडकीजवळ बसवलं, कारण मला मळमळत होतं. डॉक्टरबाईंनी सोनोग्राफी केली. सात आठवडे झाले होते. पहिली गोळी त्यांनी समोरच घ्यायला लावली, बाकीच्या गोळ्या दोन दिवसांनी घरी घ्यायच्या होत्या. त्या घेतल्या त्या दिवशी पोटात चांगलाच पीळ पडला. सासूबाई दिवसभर माझी कंबर शेकत होत्या, आणि दारात कुणी आलं की "सूनबाईले ताप हाय" म्हणून उंबऱ्यावरूनच परत पाठवत होत्या.

दोन आठवड्यांनी पुन्हा दाखवायला गेलो. सगळं साफ झालं होतं. डॉक्टरबाई म्हणाल्या, "आता जपा. पाळी येईल मग पाहू, असं करू नका. त्याच्या आधीच पुन्हा दिवस जाऊ शकतात."

मी चकित झाले. मला वाटलं होतं, आता वर्षभर तरी शरीर झोपून राहील. मी त्याच दिवशी तांबी बसवून घेतली.

अडीच वर्षं गेली. मुलगी अंगणवाडीत जायला लागली, माझ्याही अंगावर मांस चढलं, आणि घरात दुसरं लेकरू असावं असं आम्हा दोघांना वाटायला लागलं. तांबी काढली. एक महिना गेला, दोन गेले, चार गेले. पाळी अगदी दिवस मोजून यायची.

पावसाळ्यात रोवणा सुरू झाला. बांधीत माझ्या शेजारी आतेसासू धानाची रोपं लावत होत्या. कुठल्याशा दुसऱ्या गावच्या बाईबद्दल बोलता बोलता त्या म्हणाल्या, "तिनं गोळ्या खाल्ल्या होत्या म्हणे. एकदा गोळ्या खाल्ल्या का कूस धरतच नाई मंग." माझ्याबद्दल त्यांना काही माहीत नव्हतं. माझा हात मात्र चिखलात तसाच थांबला.

त्यानंतर मी कुणाशी धड बोलेना. नवरा सुट्टीला आला की मुलीला खांद्यावर घेऊन गावभर फिरायचा, मला चिडवायचा, आणि मी उगाच त्याच्यावर खेकसायची. तो बिचारा काय चुकलं ते शोधत परत जायचा. त्याला सांगायची हिंमत होत नव्हती. त्याने सगळं माझ्यावर सोडलं होतं ना. मग दोषही माझाच, असं मला वाटायचं.

तेवढ्यात माझ्या लक्षात आलं की सासूबाई सोमवारी जेवत नाहीत. विचारलं तर म्हणायच्या, "पोट जड हाय." दर सोमवारीच पोट कसं जड होतं? एका सोमवारी मी ताट वाढून त्यांच्यापुढे ठेवलं आणि हटलेच नाही. "बाई, खरं सांगा, काऊन नाई जेवत तुमी?"

त्यांनी ताट बाजूला सरकवलं. "मीच तुले नेलं होतं वं जीपमंदी. मीच नाई थांबवलं. माह्याचमुळं तुयी कूस बसली. तुले दिवस जाईपर्यंत सोमवार धरले मी."

मी त्यांच्याजवळ बसले. एकाच चुलीपुढे बसून आम्ही दोघी कितीतरी दिवस तीच भीती उराशी धरून होतो, आणि दोघींनीही एकमेकींना कळू दिलं नव्हतं. मी म्हटलं, "चला बाई. ज्यायनं गोळ्या देल्या त्यायलेच इचारू."

डॉक्टरबाईंनी मला तपासलं. मग म्हणाल्या, "त्या गोळ्या थोड्याच दिवसांत शरीरातून निघून जातात. आता त्या कशा आडव्या येतील? पुढं मूल राहायला त्यांनी काही अडत नाही." मग त्यांनी माझ्या पाळीच्या तारखा लिहून घेतल्या आणि विचारलं, "मिस्टर घरी कधी असतात?"

"पंधरा दिवसांनी येतात. एक दिवस राह्यतात. कधी महिनाबी होते."

त्यांनी मागचे चार महिने माझ्यासमोरच जुळवून पाहिले. मूल राहायचे जे दिवस असतात, त्या दिवसांत एकदाही नवरा घरी नव्हता. त्या हसू दाबत म्हणाल्या, "मग गोळ्यांना काऊन बोल लावता? आधी वर्षभर सोबत तर राहा. तरी नाही झालं तर दोघांचीही तपासणी करू."

सासूबाई पदर तोंडाला लावून हसायला लागल्या, त्या जीप गावात शिरेपर्यंत हसतच होत्या. घरी आल्या आल्या त्यांनी पोत्यात तांदूळ भरायला घेतले. "धानाचं मी पाह्यतो. तू पोरीले घे अन् गडचांदूरले जाय."

गडचांदूरच्या त्या एका खोलीत दोरीवरच्या कपड्यांवर रोज पांढरी धूळ बसायची. तिथेच मी नवऱ्याला सगळं सांगितलं. तो चहाचा कप हातात धरून ऐकत राहिला. "इतके महिने एकटीच भेत राह्यली? मी का परका हाय?" असं म्हणून तो उठला, आणि मला न विचारता त्या दिवशीचा स्वयंपाक त्याने केला. भाजीत मीठ दोनदा पडलं होतं. मुलीने आणि मी ती मुकाट्याने खाल्ली.

तिसऱ्या महिन्यात पाळी चुकली. मी सासूबाईंना फोन केला तेव्हा त्या शेतात होत्या. वाऱ्यात ओरडून त्या म्हणाल्या, "आज सोमवार हाय. पण आता घरी जाऊन जेवतो मी."

दुसरीही मुलगीच झाली, तीही सिझरनेच. ती आता अंगणवाडीत जाते आणि मोठीपेक्षा जास्त भांडते. "हिचं नाक अगदी माह्यासारखं हाय," असं सासूबाई येईल त्याला सांगतात. मला काही तसं दिसत नाही, पण मी कधी बोलले नाही.